रोजनिशीतील ‘तू’

अमेरिकन विनोदकार गॅरी शँडलिंग (१९४९–२०१६) याच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, जड ॲपटाऊ याने त्याच्यावर ‘द झेन डायरीज ऑफ गॅरी शँडलिंग’ हा दोन भागांचा, सुमारे साडेचार तासांचा अनुबोधपट सादर केला. दिग्दर्शक हा चरित्रनायकाचा स्नेही, आणि एका अर्थी शिष्यही. या नात्याने चित्रपटाला आस्था दिली आहे, तशीच मर्यादाही घातली आहे.

चित्रपटाचा कणा म्हणजे शँडलिंगने वर्षानुवर्षे लिहिलेली रोजनिशी. रोजनिशीची भाषा सामान्यतः प्रथमपुरुषी व भूतकाळी असते: आज मी अमुक केले. शँडलिंगच्या पानांत मात्र आज्ञार्थ वारंवार येतो. अधिकाधिक स्वतःसारखे असावे, घट्ट धरलेले सोडून द्यावे, अशा अर्थाच्या सूचना तो स्वतःलाच करतो. आज्ञार्थाला दोन पक्ष लागतात: सांगणारा आणि ऐकणारा. येथे ते दोन्ही एकच व्यक्ती आहेत; म्हणजे व्याकरणानेच ‘स्व’ दुभंगला आहे. मराठी वाचकास येथे मनाच्या श्लोकांतील संबोधन आठवेल. परंतु रामदासांचे मन हे निमित्त असून त्यांचा खरा श्रोता समाज आहे. शँडलिंगची आज्ञा अशा कोणत्याही श्रोतृसमाजाला उद्देशून नाही.

हाच दुभंग त्याच्या विनोदाचेही मर्म होय. १९८६ ते १९९० या काळातील मालिकेत तो स्वतःच्याच नावाचे पात्र रंगवतो आणि कथानक मध्येच थांबवून प्रेक्षकांशी बोलतो. ‘द लॅरी सँडर्स शो’ (१९९२–१९९८) मध्ये रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचा सूत्रधार कॅमेऱ्यासमोर एक भाषा बोलतो व पडद्याआड दुसरी. पहिल्या प्रकारची दृश्ये व्हिडिओफितीवर आणि दुसऱ्या प्रकारची चित्रफितीवर टिपलेली असल्यामुळे हा भेद डोळ्यांनाही जाणवतो. स्वतःकडे बाहेरून पाहण्याची ही एकच शक्ती रंगभूमीवर विनोद होते आणि ध्यानात साक्षिभाव. म्हणून त्याची अध्यात्मवृत्ती आणि विनोदवृत्ती यांना दोन स्वतंत्र प्रकरणे मानता येत नाहीत.

चित्रपट हे सूचित करतो, परंतु शेवटी अधिक सोप्या स्पष्टीकरणाकडे वळतो. शँडलिंग दहा वर्षांचा असताना त्याचा थोरला भाऊ बॅरी सिस्टिक फायब्रोसिसने वारला. गॅरीला अंत्यविधीस नेले गेले नाही, आणि घरात या दुःखाला वाचा फुटली नाही. मृत भावास पुढे कधी तरी लिहिलेले त्याचे पत्र प्रेक्षकाला हेलावून टाकते. तथापि या एका शोकातून संपूर्ण जीवनाचा उलगडा करणे समीक्षादृष्ट्या अपुरे आहे. शोकाने अभिव्यक्तीची निकड का निर्माण झाली हे कळेल. तिला हेच रूप का लाभले हे कळणार नाही. शिवाय ज्या साधनेचे ध्येय ‘माझी कहाणी’ सोडून देणे हे होते, तिच्याच कागदपत्रांतून एक सुसंगत कहाणी रचली जाते, यातील विरोध दिग्दर्शकाला पुरेसा जाणवलेला दिसत नाही.

याहून गंभीर प्रश्न श्रोत्याचा आहे. श्रोता बदलला की उक्तीचा प्रकार बदलतो. स्वतःस केलेली आज्ञा हजारो प्रेक्षकांपुढे आली की ती उपदेश ठरते, आणि धडपडणारा साधक पाहता पाहता गुरू बनतो. आदरांजलीला हे रूपांतर सोयीचे असते, परंतु रोजनिशीचा पुरावा त्याच्या विरुद्ध आहे. पाळली गेलेली आज्ञा पुन्हा पुन्हा द्यावी लागत नाही. त्याच सूचना वर्षानुवर्षे लिहाव्या लागल्या, यातच त्या माणसाची अस्वस्थता आणि चिकाटी दोन्ही नोंदली गेली आहेत.

सुदैवाने ॲपटाऊने नायकाचे हट्ट, संशय आणि जुन्या व्यवस्थापकाशी झालेला न्यायालयीन वाद वगळलेला नाही. जेथे तो ही विसंगती तशीच राहू देतो, तेथे चित्रपट खरा वाटतो. अभ्यासकाने तो पाहावा तो संतचरित्र म्हणून नव्हे, तर अपूर्ण राहिलेल्या एका स्वसंवादाचे दप्तर म्हणून.