शेवंतीचे फूल आणि संगिनी : एका छायाचित्राचे वाचन
व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ २१ ऑक्टोबर १९६७ रोजी हजारो नागरिकांचा मोर्चा पेंटागॉनवर, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या मुख्यालयावर गेला. फ्रेंच छायाचित्रकार मार्क रिबू यांनी त्या दिवशी टिपलेले एक छायाचित्र पुढे शांततामय प्रतिकाराचे प्रतीक ठरले. एका बाजूला रोखलेल्या संगिनी. समोर शेवंतीचे फूल दोन्ही हातांत धरून उभी असलेली १७ वर्षांची मुलगी.

या चौकटीचे सामर्थ्य तिच्या साधेपणात आहे. मर्यादाही तेथेच आहे. मुलीचा चेहरा मनात ठसतो, सैनिक मात्र शिरस्त्राणांच्या रांगेत हरवतात. तेही कोवळ्या वयाचेच होते, असे त्या मुलीने पुढे मुलाखतीत सांगितले. त्या मोर्चात शेकडोंना अटक झाली, ती चौकटीबाहेर राहिली. युद्ध तर १९७५ पर्यंत चालले.

वर्गात हे छायाचित्र दाखवताना आपल्या भागातील निपाणीचेही स्मरण द्यावे. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी महामार्गावर कित्येक दिवस ठिय्या दिला. ६ एप्रिल रोजी पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले.

रिबू यांच्या चित्रात गोळी सुटलेली नाही, म्हणून ते सुंदर वाटते. ती सुटावी की नाही, हे फूल धरणाऱ्याच्या हाती नसते. विद्यार्थ्यांना फुलाचे धैर्य सांगताना, बंदुकीमागचा हुकूम कोणाचा, हा प्रश्नही विचारायला शिकवले पाहिजे.