पाण्याखालचे गाव आणि मुलांचे पुस्तक

मुलांसाठी नदीवर लिहायचे म्हटले की आपल्याकडची लेखणी ठरावीक वाटेने जाते. नदी डोंगरात उगम पावते, खळखळते, शेते फुलवते, सागराला मिळते. शेवटी 'नदी स्वच्छ ठेवा' हा उपदेश. नदीकाठी कोण राहते, पाणी कोणी अडवले, ते कुणाच्या नळाला गेले, हे प्रश्न मुलांना झेपणार नाहीत, असे लेखकाने परस्पर ठरवलेले असते. हा समज तपासायचा असेल तर दोन इंग्रजी चित्रपुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. दोन्ही १९९२ साली अमेरिकेत निघाली आणि दोन्हींतल्या नद्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या आहेत.

पहिले पुस्तक लिन चेरी यांचे 'अ रिव्हर रॅन वाइल्ड'. मजकूर आणि चित्रे दोन्ही त्यांचीच. हे नॅशुआ नदीचे चरित्र आहे. तळाचे गोटे दिसतील इतके नितळ पाणी पाहून निपमक आदिवासी तिथे वस्ती करतात. मग गोरे वसाहतवाले येतात. आधी व्यापार, मग लढाई, मग जमिनींवर ताबा. पुढे गिरण्या आणि कागदाचे कारखाने येतात. ज्या दिवशी जो रंग कारखान्यात वापरला, त्या रंगाचे पाणी नदीतून वाहू लागते. मासे मरतात. १९६०च्या दशकात मॅरियन स्टॉडार्ट ही बाई गावोगाव फिरते, सह्या गोळा करते. घाण पाण्याच्या बाटल्या पुढाऱ्यांपुढे ठेवल्या जातात. कायदे होतात आणि नदी हळूहळू निवळते. पानांच्या कडेला काढलेली प्राण्यांची, अवजारांची, यंत्रांची छोटी चित्रे मुलांना तासभर गुंतवून ठेवतात.

पुस्तकाचे बळ हे की त्यात दोष कुणाचा ते स्पष्ट सांगितले आहे. नदी 'आपण सगळ्यांनी' घाण केली, अशी गुळमुळीत भाषा नाही. पण शेवट फार नीटनेटका आहे. ज्या निपमकांची जमीन गेली, ते पुस्तकाच्या अखेरीस केवळ एका स्वप्नाच्या निमित्ताने परततात. नदीला तिचे पाणी परत मिळाले. माणसांना काय मिळाले, हे लेखिका विचारत नाही.

दुसरे पुस्तक जेन योलेन यांचे 'लेटिंग स्विफ्ट रिव्हर गो'; चित्रे बार्बरा कुनी यांची. बोस्टन शहराला पाणी हवे म्हणून १९२७च्या कायद्याने स्विफ्ट नदीचे खोरे बुडवायचे ठरले. डेना, एनफील्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावे एप्रिल १९३८मध्ये कागदोपत्री संपली. सुमारे अडीच हजार माणसे उठली. साडेसात हजारांहून अधिक मृतांचे अवशेष कबरींतून काढून दुसरीकडे पुरले गेले. आज तिथे क्वाबिन जलाशय आहे.

ही कथा सॅली जेन नावाची मुलगी सांगते. ती नदीत मासे धरते, रात्री बरणीत काजवे पकडते. आई सांगते, त्यांना सोडून दे. पुढे कबरी हलतात, झाडे तुटतात, घरे जातात. मोठी झालेली सॅली जेन वडिलांबरोबर नावेत बसून त्याच पाण्यावरून जाते. इथे रस्ता होता, इथे गाव होते, असे ते दाखवत राहतात. ओंजळीत पाणी घेताना तिला आईचे शब्द आठवतात आणि ती ओंजळ मोकळी करते.

प्रसंग डोळ्यांत पाणी आणतो. माझा आक्षेपही नेमका तिथेच आहे. काजवा सोडणे आपल्या हातात असते. गाव सोडणे कुणाच्या हातात होते? कायद्याने घडवून आणलेली गोष्ट इथे जणू आयुष्याचा नियम होऊन बसते. 'सोडून दे' हे आईने म्हणणे वेगळे आणि तहानलेल्या शहराने म्हणणे वेगळे. तरीही या पुस्तकाला मी वरचे स्थान देईन. नळाचे पाणी कुणाच्या तरी अंगणावरून आलेले असते, हे ते सात-आठ वर्षांच्या मुलाला सांगते आणि कबरी उकरल्या जाण्याचा प्रसंगही लपवत नाही.

आपल्या वाचकांना ही कबरींची गोष्ट अधिक लागेल. महाराष्ट्रात धरणे काही कमी नाहीत. कोयना, जायकवाडी, उजनी. मुंबईची तहान भागवणारी तानसा, वैतरणा, भातसा. उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते आणि वर्तमानपत्रांत त्याचे छायाचित्र छापून येते. पण बुडालेल्या गावात चार-दोन घरे मुसलमानांची असतील तर त्यांचे कब्रस्तानही तिथेच असणार. मशीद नव्या गावठाणात पुन्हा बांधता येते. दादा-परदादांच्या कबरी पाण्याखाली असतील तर शबे-बारातला माणसाने फातेहा पढायला कुठे जायचे? धरणाच्या काठावर उभे राहून?

या प्रश्नावर मुलांसाठी लिहिलेले मराठी पुस्तक माझ्या वाचनात नाही. मुस्लिम मराठी साहित्यात मोहल्ला आला, तलाक आला, दंगल आली. गाव बुडाल्याची गोष्ट मुलांसाठी आपण लिहिली नाही. खरे तर ही गोष्ट एकट्या मुसलमानांची नाहीच. त्याच पाण्याखाली शेजारच्याचे देऊळ आहे, महारवाड्याची विहीर आहे, सगळ्यांची सामाईक शाळा आहे. म्हणूनच ती मुलांना सांगण्याजोगी आहे.

धरणग्रस्त गावातून आलेले काही वाचक हे पान वाचत असतील. त्यांच्या घरी एखादी दादी-नानी असेल, तिला विचारावे: घाट कुठे होता, पलीकडे कोण नेत असे, कब्रस्तानात झाड कसले होते? ती सांगेल तेवढे तिच्याच बोलीत उतरवून ठेवावे. चित्रे नंतर काढता येतील.