अणुवीजकेंद्रातील संपूर्ण वीजखंड आणि नियामक परीक्षण : एक चिकित्सा

अणुभट्टी बंद केली तरी इंधनातील किरणोत्सारी द्रव्यांमुळे उष्णता निर्माण होतच राहते. ती काढून घेण्यासाठी पाणी लागते आणि ते पाणी फिरविण्यास सामान्यतः वीज लागते. म्हणूनच बाहेरील पुरवठा व डिझेल जनित्रे एकाच वेळी निकामी झाल्यास काय, हा सुरक्षा-परीक्षणातील कळीचा प्रश्न होय.

जपानच्या अणुसुरक्षा आयोगाच्या १९९० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर चिकित्सेस पात्र ठरते. वाहिन्या वा जनित्रे लवकर दुरुस्त होतील, सबब दीर्घकाळच्या वीजखंडाचा विचार आवश्यक नाही, अशी त्यांची भूमिका होती. व्यवहारात ही मर्यादा सुमारे ३० मिनिटांची मानली गेली. तत्पूर्वीच, १९८८ मध्ये, अमेरिकेने प्रत्येक केंद्रास अशा वीजखंडात तग धरण्याचा कालावधी निश्चित करणे बंधनकारक केले होते. पुढे ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात आगीने वीजवाहक तारा जळून सुमारे १७ तास वीज नव्हती. अग्निशमनाच्या डिझेल पंपांनी पाणी पुरविल्यामुळे अनर्थ टळला.

जपानी तत्त्वांतील दोष केवळ आशावादाचा नव्हे, तर पद्धतीचा आहे. अनेक व्यवस्था एकाच कारणाने निकामी होऊ शकतात, ही शक्यता तेथे पुरेशी विचारात घेतली गेली नाही. नरोऱ्यात ते कारण आग होते. ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमात त्सुनामीचे पाणी. तेथील तीन अणुभट्ट्यांचे इंधन वितळले. दुरुस्तीची अपेक्षा हा सुरक्षेचा पुरावा नव्हे. तो पुरावा मागणे हेच नियामकाचे कर्तव्य होते.