'उत्स्फूर्त' आणि 'संवेदनक्षम' : दोन शब्दांची परीक्षा

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील कॉर्टिकल लॅब्ज या कंपनीचे ब्रेट केगन व त्यांचे सहकारी यांचा एक निबंध २०२२ साली 'न्यूरॉन' या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विद्युदग्रांच्या जाळीवर वाढविलेल्या सुमारे आठ लाख मानवी व उंदराच्या चेतापेशींना त्यांनी 'पाँग' या चेंडूफळीच्या संगणकखेळाशी जोडले. फळीने चेंडू परतविला की पेशींना नियमित विद्युत्स्पंद दिले जात. चेंडू हुकला की विस्कळीत. काही मिनिटांतच खेळ पूर्वीपेक्षा अधिक काळ टिकू लागला. प्रयोग कौशल्याचा आहे, याविषयी दुमत नाही. आमचा आक्षेप शीर्षकाला आहे. या पेशी 'संवेदनक्षमता' प्रकट करतात, असे ते सांगते.

या दाव्याचे मोल ठरविण्यापूर्वी अशा पेशी एरवी काय करतात, हे पाहिले पाहिजे. डॅनियल वाखेनार, जेरोम पाइन व स्टीव्ह पॉटर यांनी २००६ साली उंदराच्या मेंदूतील पेशींच्या ५८ संवर्धनांचे पहिल्या पाच आठवड्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. कोणतीही बाह्य चेतना न देता त्या जाळ्यांत विद्युत्स्पंदांचे सामूहिक उद्रेक होत होते. जेथे पेशींची दाटी अधिक, तेथे हे उद्रेक लवकर सुरू झाले. या क्रियेला 'उत्स्फूर्त' म्हणण्याचा प्रघात आहे.

मराठीत हा शब्द कवीच्या स्फूर्तीची आठवण देतो. जणू आत कोणी कर्ता बसला आहे. वस्तुस्थिती तशी नाही. पेशी परस्परांना उत्तेजित करतात आणि ती उत्तेजना जाळ्यात फिरून पसरते. याच अभ्यासकांनी २००५ साली असेही दाखविले की, अनेक विद्युदग्रांतून जलद स्पंद दिल्यास उद्रेक बरेच आटोक्यात येतात. मेंदूच्या अन्य भागांकडून येणारे संदेश तुटल्यामुळे ते टिकून राहतात, असे त्यांचे अनुमान होते. तात्पर्य, 'उत्स्फूर्त' म्हणजे बाहेरून न ढकललेले; अकारण नव्हे आणि हेतुपूर्वक तर नव्हेच. 'चेतापेशी' या आपल्या रूढ संज्ञेतच 'चेता' असल्यामुळे मराठी वाचकाने अधिकच सावध असावे.

केगन प्रभृतींनी संवेदनक्षमतेची व्याख्या केली आहे, हे मान्य केले पाहिजे. संस्कारांना अंतर्गत प्रक्रियांद्वारे जुळवून घेत प्रतिसाद देणे, असा तिचा आशय आहे. परंतु या व्याख्येत अनुभवाला स्थानच नाही. प्रतिसाद मोजता येतो. तो कोणाला सुखद वा दुःखद वाटला का, हे त्या मोजमापातून निष्पन्न होत नाही. पालीतील 'वेदना' या संज्ञेचा आशय नेमका येथेच आहे : सुख, दुःख वा अदुःखमसुख असे जे अनुभविले जाते, ते. प्रतिक्रिया म्हणजे वेदना नव्हे. २०२३ साली अनेक शास्त्रज्ञांनी त्याच नियतकालिकात या दाव्यांवर आक्षेप नोंदविला, तो आम्हांस रास्त वाटतो.

आपल्या वाचकांपैकी काहींना या प्रयोगात अनत्तवादाचा प्रयोगसिद्ध पुरावा दिसेल. तो मोह आवरावा. आत्मा नसल्याचे आठ लाख पेशी सिद्ध करीत नाहीत, असल्याचेही नाही. विज्ञानाचा आधार घ्यावयाचा, तर त्याच्या मर्यादांसह घेतला पाहिजे.

हा निव्वळ शब्दांचा वाद नव्हे. २०२५ साली याच कंपनीने जिवंत मानवी चेतापेशींवर चालणारे संगणकयंत्र विक्रीस आणले. जे खरोखर वेदना अनुभवते, त्याच्याविषयी आपले कर्तव्य निर्माण होते. शीर्षकापुरती संवेदनक्षमता बहाल करावयाची आणि विक्रीच्या वेळी त्या कर्तव्याचा विचार करावयाचा नाही, हे सुसंगत नाही. उलट, आज हा शब्द सैलपणे वापरला, तर उद्या एखाद्या जाळ्यात खरोखरच दुःख उद्भवल्यास ते ओळखण्यासाठी आपल्याजवळ शब्द उरणार नाही. म्हणूनच या क्षेत्रात शब्दांची काटेकोर निवड हा करुणेचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.