उतारवयांतील दुसरी नोकरी आणि वाङ्मय

नोकरी जाणें हा विषय नाटककारांस आणि कादंबरीकारांस फार पूर्वींपासून आवडत आला आहे. मालकाचें बोलावणें, टेबलापलीकडचा तरुण चेहरा, दोन-चार थंड वाक्यें, आणि मग घरीं काय सांगावें या विवंचनेंत रस्त्यावर घुटमळणारा माणूस, असा हा प्रवेश जवळजवळ ठरून गेलेला आहे. तो वठतोही चांगला. कारण त्यांत आघात आहे, आणि आघात रंगभूमीस मानवतो. परंतु ज्याच्यावर हा आघात झाला तो माणूस पंचावन्न वर्षांचा असेल, तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं काय होतें? तो दुसरें काम शोधावयास निघतो. कोठें जातो, कोणास भेटतो, स्वतःविषयीं काय सांगतो आणि काय लपवितो, किती पायऱ्या खालीं उतरावयास तयार होतो, आणि काम मिळालेंच तर त्या कामावर पहिल्या दिवशीं कसा उभा राहतो? कथा येथवर आली कीं बहुतेक लेखक लेखणी खालीं ठेवितात. कोणी नायकास मारून टाकितात, कोणी त्याच्या मुलांकडे वळतात, कोणी त्यास अकस्मात् घबाड मिळवून देतात. आमच्या मतें खरें नाट्य या टाळलेल्या जागींच आहे.

तरुणाची बेकारी निराळी. हान्स फालाडा या जर्मन कादंबरीकाराचा पिनेबर्ग (ही कादंबरी १९३२ सालची) नोकरी गमावतो, पण तो तरुण आहे, घरांत तान्हें मूल आहे, आणि दैन्यांतही वाचकास पुढच्या आयुष्याची चाहूल लागत राहते. उतारवयाच्या माणसापाशीं पुढचें आयुष्य थोडें आणि मागचें पुष्कळ. आणि नोकरीच्या बाजारांत हें मागचें आयुष्य भांडवल न ठरतां ओझें ठरतें. 'पंचवीस वर्षांचा अनुभव आहे,' असें तो अभिमानानें सांगतो, तेव्हां ऐकणारा मनांतल्या मनांत त्याचें वय मोजीत असतो.

आर्थर मिलर याचें १९४९ सालीं न्यूयॉर्क येथें रंगभूमीवर आलेलें 'डेथ ऑफ ए सेल्समन' हें नाटक आम्हीं पुष्कळ वर्षें वर्गांत शिकविलें आहे. विद्यार्थ्यांस त्यांतला बापलेकांचा झगडा तेवढा आठवतो, आणि प्रश्नपत्रिका काढणारेही तोच विचारतात. आमचें लक्ष मात्र दुसऱ्या अंकांतल्या कचेरीच्या प्रवेशावर खिळून राहतें. विली लोमन हा ६३ वर्षांचा फिरता विक्रेता. त्याची चाकरी किती वर्षांची याविषयीं नाटकांत एकवाक्यता नाहीं. बायको ३६ वर्षें म्हणते, तो स्वतः ३४ म्हणतो. इतक्या वर्षांचा हिशेब ठेवणें दोघांनाही जड जावें हें स्वाभाविकच आहे. आतां फिरती झेपत नाहीं, शहरांतच कांहीं काम द्या, अशी विनंती घेऊन तो जुन्या मालकाच्या मुलापुढें उभा राहतो. आठवड्यास ६५ डॉलर मागतो. मग ५० पुरेत म्हणतो. मग ४० वर येतो. समोरच्या हॉवर्डनें यांतला एकही आंकडा सुचविलेला नाहीं. त्यास घासाघीस करावीच लागत नाहीं. विलीच आपल्याशीं घासाघीस करीत एक एक पायरी खालीं येतो. आणि हॉवर्डचें अर्धें लक्ष आपल्या नव्या ध्वनिलेखन यंत्रांत, त्यांत सांठविलेल्या मुलांच्या आवाजांत! काम मागणाऱ्या प्रौढाचें याहून अचूक चित्र आमच्या पाहण्यांत नाहीं.

परंतु याच अंकांत, ही नोकरी गेल्यावर लागलीच, विलीस दुसरी नोकरी देऊं केली जाते, ही गोष्ट पुष्कळ वाचक विसरतात. शेजारी चार्ली त्यास आठवड्याचे ५० डॉलर देण्यास तयार आहे, फिरतीही नाहीं. विली नाकारतो. त्याच चार्लीकडून आठवड्यास ५० डॉलर उसने घेऊन तो ते बायकोस पगार म्हणून दाखवीत आला आहे! रक्कम तीच, उसनी म्हणून चालते, पगार म्हणून चालत नाहीं. उसने पैसे बरोबरीच्या माणसाकडून घेतां येतात. पगार घेतला कीं शेजारी मालक होतो. मनुष्यस्वभावाचें हें मर्म मिलरनें फार थोड्या शब्दांत धरलें आहे.

आमचा आक्षेप याच्या पुढचा आहे. विलीनें ती नोकरी पत्करली असती तर? दररोज सकाळीं तो चार्लीच्या कचेरींत जाऊन बसला असता, संध्याकाळीं त्याच चार्लीशीं पत्ते खेळला असता, तर नाटक अधिक अवघड झालें असतें, आणि कदाचित् अधिक मोठेंही. मिलर त्यास २० हजार डॉलरांच्या विम्यासाठीं मृत्यूकडे धाडतो. शोकांतिकेच्या शास्त्रास तें धरून असेल. पण विलीसारख्या बहुसंख्य माणसांनीं चार्लीची नोकरी पत्करलेली असते, खालमानेनें पत्करलेली असते, आणि त्यांचें नाटक लिहावयाचें राहून गेलें आहे.

मृत्यू नको असेल तर चमत्कार. मुर्नाव या जर्मन दिग्दर्शकाच्या १९२४ सालच्या मूकपटांत एका भव्य हॉटेलाच्या दरवाजावरचा वृद्ध द्वारपाल वयामुळें शौचगृहांत हात पुसावयास पंचे देण्याच्या कामावर उतरविला जातो. त्याचा झगझगीत गणवेश काढून घेतात तो प्रसंग एमिल यानिंग्स या नटानें असा केला आहे कीं, अंगावरचें कातडें सोलून निघावें तसें पाहणाऱ्यास वाटतें. पुढें तोच गणवेश चोरून, तो अंगावर चढवून तो घरीं जातो. येथवर चित्रपट थोर आहे. नंतर पडद्यावर अक्षरें उमटतात कीं, खरी कथा येथेंच संपावयाची, पण लेखकास या म्हाताऱ्याची दया आली. आणि म्हाताऱ्यास एका कोट्यधीशाची संपत्ति मिळते. या शेवटास विडंबन म्हणणारे टीकाकार आहेत. असेल, परंतु त्या तळघरांत उरलेलीं वर्षें तो माणूस कसा जगला असता, हें पाहण्याच्या कष्टांतून सर्वांचीच सुटका झाली, हें खरें.

हे कष्ट ज्यानें घेतले असा एक फ्रेंच चित्रपट आहे: स्तेफान ब्रीझे याचा 'ला ल्वा द्यू मार्शे', म्हणजे बाजाराचा कायदा, १९१५ नव्हे, अगदीं अलीकडचा, २०१५ सालचा. नायक तिएरी ५१ वर्षांचा, कारखान्यांतून काढलेला यंत्रकामगार. आरंभींच तो सरकारी रोजगार कचेरींत बसून तक्रार करीत आहे. त्यास क्रेन चालविण्याचें शिक्षण घ्यावयास लाविलें. शिक्षण पुरें झाल्यावर कळलें कीं, ज्यानें पूर्वीं बांधकामावर काम केलेलें नाहीं त्यास क्रेनवर कोणी बसवीतच नाहीं. समोरचा अधिकारी दुष्ट नाहीं. तो ऐकून घेतो, मान डोलावतो, आणि त्याच्या हातीं कांहीं नाहीं. पुढें संगणकाच्या पडद्यावरून मुलाखत होते. आधींपेक्षां खालची जागा आणि कमी पगार चालेल काय? चालेल. मग शेवटीं त्यास सांगण्यांत येतें कीं, आपला अर्ज नीट लिहिलेला नाहीं, आणि ही जागा मिळण्याचा संभव फार थोडा आहे. याहून बोचरा प्रसंग पुढेंच आहे. तिएरीच्या सराव-मुलाखतीचें चित्रण इतर बेकार उमेदवारांस दाखवून त्यांस दोष काढावयास सांगतात. आणि ते काढतात. बसण्यांत ताठपणा नाहीं, बोलण्यांत उत्साह नाहीं. बेकारांनींच बेकारास तासावयाचें, अशी ही शाळा आहे. आम्ही आयुष्यभर वर्ग चालविले, पण पन्नाशीच्या विद्यार्थ्याची अशी परीक्षा पाहवत नाहीं.

आणि मग, चित्रपट निम्म्यावर आला असतां, तिएरीस काम मिळतें. कोणताही गाजावाजा नाहीं. एका दृश्यांत तो मोठ्या दुकानांत पहारेकऱ्याच्या पोषाखांत उभा दिसतो. खरा विषय येथून सुरू होतो. त्याचें काम म्हणजे गुप्त कॅमेऱ्यांतून गिऱ्हाइकांवर, आणि पुढें आपल्याच सोबतिणींवर, नजर ठेवणें. मांस चोरणारा एक म्हातारा सांपडतो. त्यापाशीं पैसे नाहींत. सवलतीचीं कुपनें स्वतःपाशीं ठेवणारी एक जुनी बाई गल्ल्यावर सांपडते, तिची नोकरी जाते, आणि ती आत्महत्या करते. ज्यानें वर्षदीड वर्ष दारोदार फिरून पोटाचें साधन मिळविलें, त्या साधनाचें स्वरूपच दुसऱ्याचें साधन काढून घेण्याचें आहे! अखेरीस अशीच आणखी एक चौकशी चालली असतां तो उठून निघून जातो. घरीं अपंग मुलगा आहे, त्याच्या शिक्षणाची चिंता आहे, हें सर्व आपणांस ठाऊक असतें. म्हणून त्या निघून जाण्यास किंमत येते. व्हॅन्साँ लाँदों या नटास कान येथें त्या वर्षीं उत्कृष्ट अभिनयाचें पारितोषिक मिळालें. त्याच्याभोंवतींचीं बहुतेक माणसें धंदेवाईक नट नाहींत, आणि तें जाणवतें.

पुढच्याच वर्षीं कान येथें सर्वोच्च पारितोषिक मिळालेला केन लोच याचा 'आय, डॅनियल ब्लेक' हा चित्रपट अधिक गाजला. आमच्या मतें तो याच्याहून उणा आहे. ५९ वर्षांचा सुतार, हृदयविकाराचा झटका आलेला. डॉक्टर म्हणतात काम करूं नको. सरकार म्हणतें तूं कामास योग्य आहेस, काम शोधल्याचे पुरावे आण. म्हणून तो पेन्सिलीनें लिहिलेले अर्ज वाटीत फिरतो, आणि खरोखरच एकजण काम देऊं करतो तेव्हां त्यास नाहीं म्हणावें लागतें. मग तो मालक संतापतो: काम नको होतें तर आलास कशाला? हा एक प्रसंग साऱ्या चित्रपटाच्या मोलाचा आहे. परंतु लोच यास अन्याय दाखवावयाचा आहे आणि तो अन्याय दाखवून मोकळा होतो; शेवटीं पुन्हां मृत्यू आहेच. ब्लेक हा निर्दोष आहे. तिएरी निर्दोष राहूं शकत नाहीं, आणि म्हणूनच तो आम्हांस अधिक जवळचा वाटतो.

आतां आपल्या घराकडे वळूं. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांचा जो संप सुरू झाला, त्यांत सुमारे अडीच लक्ष कामगार होते. तो संप रीतसर मागें घेतला गेलाच नाहीं, विरून गेला. हजारोंना परत कामावर घेतलें नाहीं, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनें त्यांच्या जमिनींचा बाजार खुला झाला. चाळिशी-पन्नाशीच्या माणसांस एकाच शहरांत एकाच वेळीं दुसरें काम शोधावें लागलें, असा हा प्रसंग. गिरणींत शिरण्याची जुनी वाट त्यांच्या ओळखीची होती: गांवचा माणूस, जॉबरची ओळख, मग बदली कामगार म्हणून रोज सकाळीं फाटकाशीं उभें राहणें, आज कोणी गैरहजर असेल तर आंत घेतील या आशेनें. अशीं वर्षें काढून माणूस 'कायम' होई. संपानंतर तोच कायम झालेला माणूस पुन्हां फाटकाशीं आला. फरक इतकाच कीं, आतां गांवचा माणूसही बाहेरच होता, आणि साच्यावर तुटलेला धागा क्षणांत सांधणाऱ्या बोटांस कोठेंही गिऱ्हाईक नव्हतें. कोणी भाजी विकूं लागला, कोणी रात्रपाळीचा रखवालदार झाला, कोणी कोंकणांत परतला.

कै. जयंत पवार यांचें 'अधांतर' (१९९७) हें या उद्ध्वस्ततेचें आपलें सर्वांत समर्थ नाटक. त्याचा गौरव पुष्कळ झाला आहे आणि तो यथार्थ आहे. पण त्याचें लक्ष मुख्यतः पुढच्या पिढीवर, काम न मिळालेल्या मुलांवर आहे. गिरणींत आयुष्य घालविलेला बाप नंतर काय करता झाला, हा प्रश्न नाटकाच्या कक्षेंत येत नाहीं. हा त्या नाटकाचा दोष नव्हे. परंतु त्यानंतरही तो प्रश्न कोणीं मनावर घेतलेला दिसत नाहीं, ही आमची तक्रार आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनीं गिरणगांवच्या लोकांच्या तोंडून ऐकून केलेल्या संग्रहांत (इंग्रजींत २००४ सालीं निघाला, पुढें मराठींतही आला) अशा माणसांचे स्वतःचे शब्द आहेत. नाटककारास याहून अधिक काय हवें?

याचें एक कारण आम्हांस असें दिसतें कीं, मराठी लेखक हा दीर्घकाळ पेन्शनीचा माणूस होता. शिक्षक, प्राध्यापक, बँकेंतला वा सरकारी कचेरींतला अधिकारी. त्याची नोकरी एकदां लागे आणि ठराविक तारखेस सत्कारासह संपे. शोध हा त्याच्या आयुष्यांतला बाविसाव्या वर्षींचा प्रसंग. ही स्थिति आतां झपाट्यानें पालटत आहे. आमच्याच पेशांत तासिका तत्त्वावर शिकवीत चाळिशी ओलांडलेले, दर जूनमध्यें नव्यानें अर्ज करणारे पदवीधर आहेत; संगणकाच्या धंद्यांतून पन्नाशींत बाहेर पडलेले गृहस्थ कोणत्याही गृहसंस्थेंत भेटतात. म्हणून सामग्री नाहीं असें कोणास म्हणतां येणार नाहीं.

सामग्री तर भाषेंतही पडलेली आहे. आपल्याकडे तरुण नोकरीस 'लागतो', नशीब असेल तर 'चिकटतो'. काम गेलेला प्रौढ 'घरीं बसतो'. आणि त्यास दुसरें काम मिळालें म्हणजे घरचीं माणसें पाहुण्यांस काय सांगतात? 'घरांत बसून कंटाळा येतो, म्हणून जातात जरा.' कोठें जातात, हें कोणी सांगत नाहीं, आणि पाहुणाही विचारीत नाहीं. पगाराची गरज कंटाळ्याच्या नांवाखालीं झांकणारें हें वाक्य बायको उच्चारते तेव्हां तो गृहस्थ आंतल्या खोलींत रखवालदारीच्या सदऱ्याचीं बटनें लावीत असतो, आणि तें त्यास ऐकूं जात असतें.