लुई लो यांची बासरी : सोन्यापेक्षा कड महत्त्वाची
आता येऊ पॅरिसच्या लुई लो यांच्याकडे. त्यांच्या १८६९ सालच्या सोन्याच्या बासरीवर झाँ-पिएर रांपाल वाजवायचे, म्हणून सगळी चर्चा सोन्याभोवती फिरते. मला ती चर्चा उथळ वाटते. पाहायचं ते हातकाम.

थिओबाल्ड बोम यांनी १८४७ मध्ये सरळ दंडगोल नळीची बासरी केली. तिची झाकणं बंद होती. फ्रेंच कारागिरांनी त्यातल्या पाच झाकणांना मधोमध भोकं पाडली, म्हणजे बोट पुन्हा हवेवर आलं, थोडंसं आपल्या बांबूच्या बासरीसारखं. लो यांच्या चांदीच्या बासऱ्यांत पत्रा पातळ, आणि प्रत्येक स्वररंध्राची कड वेगळी घडवून, डाग देऊन नळीवर बसवलेली. आज बहुतेक ठिकाणी ती नळीतूनच ओढून काढतात.

खटकतं ते पुढचं. फ्रान्समध्ये १८५९ पासून 'ए' हा सूर ४३५ कंपनांवर ठरला होता. आजचे ऑर्केस्ट्रा ४४० किंवा त्याहून वर. मग काय, या जुन्या बासऱ्या आखूड करतात, मुखरंध्राच्या कडाही कोरतात! नळी वरून कापली तरी रंध्रांमधली अंतरं तीच राहतात, त्यामुळे सूर एकमेकांशी जुळेनासे होतात. आणि फुंक दुभंगते ती मुखरंध्राच्या कडेवरच. ती कोरली की लो यांच्या हाताचं काय उरलं? वाद्य वाजतं राहावं, कपाटात पडू नये, हे मान्य. पण मग ४३५ वरच वाजवा ना. जुळवून घ्यायचं तर साथीच्या पियानोनं घ्यावं. तो उतरवता येतो, पुन्हा चढवताही येतो.