चंद्रकन्येचा अपराध

लोककथा पडद्यावर आणणाऱ्या कलावंतापुढे एक पेच नेहमीच असतो: कथेने जे सांगितले नाही, ते त्याने सांगावे काय? जपानातील वेळू तोडणाऱ्या म्हाताऱ्याची कथा सुमारे हजार वर्षांपूर्वीची. वेळूत सापडलेली चंद्रलोकीची कन्या कोणत्या अपराधापायी पृथ्वीवर आली, याविषयी ती मुग्ध आहे. इसाओ ताकाहाता यांनी २०१३ साली काढलेल्या ‘राजकन्या कागुया’ या सचेतन चित्रपटात त्याचे उत्तर मिळते: पृथ्वीची ओढ, हाच तिचा अपराध! या उत्तराने शिक्षा आणि वर ही एकच ठरतात, आणि कथेला नवी खोली येते.

चित्रणही या अर्थाला साजेसेच आहे. कोळशाच्या कांडीने ओढल्यासारख्या रेषा, फिके पाणरंग आणि कडेला कोरा राखलेला कागद. मेजवानीतून ती पळत सुटते, तेव्हा त्या रेषाच बेभान होतात. तिच्या मनःस्थितीचे वेगळे निवेदन लागत नाही.

तथापि एक उणीव राहतेच. मूळ कथेत तिच्यावाचून अमरत्व नको म्हणून सम्राट तिने दिलेले अमृत पर्वतशिखरावर जाळवितो. फुजी पर्वताच्या नावाचा संबंध कथा या प्रसंगाशी जोडते. चित्रपटाने हा शेवट गाळून सम्राटास केवळ उद्धट ठरविले. दुःखरहित चंद्रलोकाहून मर्त्य जीवन श्रेष्ठ, हेच ज्या कृतीचे सांगणे, तिने मृत्यू स्वेच्छेने पत्करणारा साक्षीदारच दूर सारावा, हे आम्हांस खटकते. तरीही मूळ कथेकडे पुन्हा वळावयास लावणारे रूपांतर विरळाच. हे त्यांपैकी एक होय.